पुढचं मडगार्ड

कचरू : सीटला हात लावू नका वैनी, पोळंल. एवढ्या उन्हात ढकलत आणली गाडी? आधी सावलीत घेतो. अन् ह्या पिशवीत काय?

बेबीनंदा : उघडून बघा.

कचरू : आता हे... मडगार्ड! पुढचं! सोमवारी तर बसवून दिल्तं मी.

बेबीनंदा : आज सकाळी गाडीच्या बाजूला काढून ठेवलेलं होतं. तिसरी वेळ हाय ही, कचरूभाऊ.

कचरू : गरमी हो. चव्वेचाळीस डिग्री चालू हाय. ह्या दिवसात टायरमधी हवा जास्त भरली की टायर फुटतो, टाकी काठोकाठ भरली की पेट्रोल भाईर येतं. मंग बोल्टाचं काय घेऊन बसलात! झाले असतील ढिले.

बेबीनंदा : ढिले होऊन पडले असते तर धुळीत सापडले असते. चारी बोल्ट माझ्या स्वैपाकघरातल्या वाटीत होते. अन् वाटी गाडीच्या सीटवर.

कचरू : पायलनं काढलं आसंल. शिकून राह्यली आसंल पोरगी.

बेबीनंदा : पायल आठ दिवसांपासून जालन्याला हाय, ट्रेनिंगला. घरात मी एकटी. शेडला कुलूप, किल्ली माझ्या गळ्यात. अन् एक तारखेला पोरीला ओढ्यापलीकडच्या उपकेंद्रात हजर व्हायचंय, नर्स म्हणून. रोज दोन टाइम त्याच नळकांडी पुलावरून जायचं. तिकडं एस्टी न्हाई. म्हणती, पप्पांचीच गाडी चालवणार. तुम्ही मिस्त्री हाय, मला एवढंच सांगा, ह्या गाडीवर पोरीला घालावं का न्हाई? न्हाई म्हणले तर गाडी भंगारात अन् पोरगी घरात.

कचरू : राग येऊ देऊ नका वैनी. पण एकदा कुणाला तरी दाखवा. माझ्या सासुरवाडीकडं एक बाबा हाय, नुसता अंगारा...

बेबीनंदा : कचरूभाऊ! आमच्या घरात अंगारे-धुपारे बंद होऊन तीन पिढ्या झाल्या. ह्यांनी शाळेत जन्मभर पोरांना तेच शिकवलं. बाबाकडं जायचं असतं तर गाडी ढकलत तुमच्याकडं कशाला आणली असती?

कचरू : बराबर. बिलकुल बराबर. आणा ते बोल्ट... हे बघा, सोमवारी प्रत्येक बोल्टाच्या डोक्यावर मी लाल ऑइलपेंट लावल्ता. मुद्दाम. पाना लावला की रंग उडतोच, मंग कळतं कुणीतरी खोललं म्हणून.

बेबीनंदा : मंग? उडाला का?

कचरू : न्हाई.

बेबीनंदा : एकावरचा पण?

कचरू : चारीवरचा जशाच्या तसा हाय. अन् हातानं तर निघत न्हाईत वैनी, अंगातला सगळा जोर लावून आवळल्ते मी.

बेबीनंदा : आता मडगार्डच्या आतून बोट फिरवा.

कचरू : आतून? आतून काय अस... आई गं!

बेबीनंदा : मला पण तसंच झालं सकाळी.

कचरू : ओला हाय हो हा! काळ्या रानाचा चिखल. अन् गार, विहिरीच्या तळातून काढल्यावानी. मे महिन्यात? रानात पाय जाईल एवढ्या भेगा पडल्यात सध्या. गाडी धुतली का तुम्ही?

बेबीनंदा : आठ दिवसाला नळ येतो आमच्या गल्लीत. भांडी राखेनं कोरडी घासून राह्यले मी. चिखल करायला पाणी कुठून आणू?

कचरू : कुणी टवाळकी केली आसंल.

बेबीनंदा : टँकरचं पाणी वाया घालवून? गल्लीत हंड्यावरून डोकी फुटून राह्यली.

कचरू : द्या इकडं, बसवूनच टाकतो. दहा नंबरचा पाना कुठं गेला... हां. धरा जरा तिकडून. वर घ्या. अजून. न्हाई.

बेबीनंदा : काय न्हाई?

कचरू : छिद्रं जुळून न्हाई राह्यली. बोटभर फरक येतोय. हेच मडगार्ड, हीच गाडी, सोमवारी बराबर बसलं. दाबा बरं. न्हाई बसत!

बेबीनंदा : पाना सारखा कशानं निसटून राह्यला तुमच्या हातातून?

कचरू : ऊन लागलं आसंल.

बेबीनंदा : सावलीत उभे हाय तुम्ही. ठेवा ते खाली अन् ऐका. ह्यांनी वीस वर्षं त्या रस्त्यानं गाडी चालवली. मिरगाच्या आधी इथं येऊन पुढचं मडगार्ड काढायचे अन् दसरा झाला की बसवायचे. एक वर्ष चुकलं न्हाई. काळी माती आत भरली की चाक जाम होतं, हे तिकडं शेंबड्या पोराला कळतं. अन् गेल्या साली, दसऱ्याला महिना असताना, मडगार्ड लावून गेले. पुलावर मधोमध चाक अडकलं. पाणी चढून राह्यलं अन् हे काडीनं चिखल कोरत बसले. लोक काठावरून वरडत होते, गाडी सोडा मास्तर, गाडी सोडा!

कचरू : नका वैनी...

बेबीनंदा : मातीला आलेले लोक माझ्या तोंडावर म्हणले, शिकलेला माणूस, पण अक्कल न्हाई. अन् खरं सांगू? मला पण तसंच वाटलं. आठ महिने झाले, पायल रोज पप्पांच्या फोटोपुढं मेणबत्ती लावती, मी तिकडं बघत सुद्धा न्हाई. इतका राग हाय माझा. का लावलं मडगार्ड? एवढं एकच इचारायचं होतं.

(कचरू हातातला पाना खाली ठेवतो आणि चाकाशेजारी उकिडवा बसतो.)

कचरू : सरांनी न्हाई लावलं. मी लावलं.

बेबीनंदा : काय म्हणले?

कचरू : पोळा होऊन गेल्ता. सर ऑइल बदलायला आल्ते. बारा दिवस झाल्ते, पावसाचा थेंब न्हाई, रस्त्यानं नुसता फुफाटा. मडगार्ड तीन महिन्यांपासून कोपऱ्यात जागा अडवून बसलेलं. सर टपरीवर च्या प्यायला गेले तवर मी बसवून टाकलं. न इचारता.

बेबीनंदा : अन् ते काही बोलले न्हाई?

कचरू : बोलले की. कचरू, दसरा व्हायचाय अजून, म्हणले. मी म्हणलं, सर, पावसाचं आमाला कळतं, तुमी पोरं शिकवा. सर हासले अन् गेले. तिसऱ्या दिवशी आभाळ फाटलं.

बेबीनंदा : मातीला तुम्ही होते.

कचरू : होतो. लोक सरांची अक्कल काढून राह्यले होते अन् मी खाली मान घालून उभा. तोंडच उघडलं न्हाई.

बेबीनंदा : गाडी पाण्यातून काढल्यावर इंजिन तुम्हीच खोललं. मी पायलला म्हणले, किती भला माणूस हाय.

कचरू : मारा मला वैनी. शिव्या द्या.

बेबीनंदा : पायल परवा येईल. तिला इथं बसवून शिकवा, मडगार्ड कधी काढायचं, कसं काढायचं. पाना तिच्या हातात द्यायचा. अन् तिला न इचारता तिच्या गाडीला हात लावायचा न्हाई.

कचरू : न्हाई लावणार. लेकरांची आण... वैनी, हे बघा! छिद्रं जुळली. नुसतं टेकवलं अन् जुळली. बसवू का?

बेबीनंदा : आत्ताच सांगितलं ना, तिला इचारल्याबिगर न्हाई. पिशवीत टाका.

कचरू : मंग थोडं बसा तरी. पाणी प्या. भर उन्हात एवढ्या जल्दी कशाला निघालात?

बेबीनंदा : सकाळी शेडपासून स्वैपाकघरापर्यंत चिखलाची पावलं होती, कचरूभाऊ. ह्यांच्याच मापाची. मी रागानं सगळी पुसून काढली. जाते, त्यांची माफी मागायचीय.