दुसरी मान

रत्नागिरी एसटी स्टँडवर गाडीची वाट बघत बसलेल्या सुंदराबाईंच्या बाकाशी चार पायांची, दोन मानांची, म्हणजे तारांच्या दोन आडव्या पट्ट्यांची, स्टील गिटार उभी होती. जुन्या गिटारी जमवणारे एक गृहस्थ ती विकत न्यायला आले होते. विकणाऱ्या बाई, ती वाजवणाऱ्या भाऊंच्या पत्नी, शेजारीच उभ्या होत्या.

"वैनी, या मानेच्या तारांना तेल कसलं?"

"खोबरेल. दर शनिवारी लावते. खाऱ्या हवेने गंजतात हो."

"तेलाने आवाज बसतो."

"तिच्यावर वाजवलंय कुणी?"

"भाऊ नाही वाजवायचे?"

"ते दुसऱ्या मानेवर. ही मला शिकवणार होते."

"मग?"

"मुलं झाली, नोकरी झाली, मग तेच गेले."

"दापोलीची गाडी लागली. गिटार चढवू?"

"गर्दी दिसते."

"रिकामी आहे, वैनी."

"पुढची बघू."

सुंदराबाईंनी पिशवी मांडीवर घेतली आणि बाकावर वैनींना जागा करून दिली.