देवाच्या कौलाला पन्नास गुण

दि. ३ जुलै २०२५

मी ओमकार अनिल मांडवकर, वय २४ वर्षे, शिक्षण अकरावीपर्यंत, धंदा लोटे येथील कारखान्यात कंत्राटी काम, रा. कातळवाडी, ता. खेड, जि. रत्नागिरी. समक्ष हजर राहून, विचारल्यावरून जबाब देतो की,

दि. १० मार्च २०२५ रोजी सकाळी १०.४० वाजता मी खेड येथे बँकेत मुदत ठेवीचा अर्ज भरत होतो. वडिलांच्या फंडाचे ३,००,००० रुपये होते. त्यातूनच बहीण ज्ञानेश्वरी हिची नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाची फी ८५,००० रुपये जूनअखेर भरायची होती. मी वारसाचे नाव लिहीत असताना भावकीतील विनोद मांडवकर मागून आला व म्हणाला, "काय रे ओमकार, सात टक्क्यांत लगीन करशील काय?" त्याने कोळंबी तलाव योजनेचे पत्रक दिले. महिना तीन टक्के. अर्ज अर्धाच राहिला.

घरी येऊन मी पाच मुद्दे काढले. पैसे बुडण्याची भीती किती, गरजेला लगेच मिळतील का, मुदत किती, महागाई वजा जाता हातात काय राहते, आणि कर. प्रत्येकाला दहा गुण. बँक ४१, पोस्ट ४०, सोने ३३, कोळंबी १४. कोळंबीच्या चौदापैकी दहा एकट्या परताव्याचे होते. ज्ञानेश्वरी म्हणाली, "दादा, मग झालं की. ह्यात विचारायचं काय राहिलं?"

वडिलांचे म्हणणे पडले की देवाला विचारायचे राहिले. आमच्या गावात बोअरवेलची जागा, सोयरीक व निवडणुकीचा उमेदवार कौलावर ठरतो. दि. १६ मार्च रोजी देवळात बाबल्या गुरव यांनी मूर्तीच्या दोन्ही खांद्यांना फुलाच्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. "कोळंबीत पैसे घालू काय?" असे गाऱ्हाणे घातले. डावी पडली. विनोद म्हणाला, "देवाला टक्के नाय सांगितलेत." टक्के सांगून पुन्हा लावला. पुन्हा डावी. विनोद म्हणाला, "बँक पण कागद तीनदा मागते." तिसऱ्या वेळी उजवी पडली. विनोदने तेथेच पेढे वाटले. पेढे त्याने येतानाच आणले होते.

कौल मोडायची माझी छाती झाली नाही, आणि माझा हिशेब चुकीचा आहे असेही मला म्हणता येईना. म्हणून मी सहावा मुद्दा घातला. देवाचा कौल, गुण पन्नास. कोळंबी ६४ झाली. बँकेसाठी कौल लावलेलाच नसल्याने तिला त्या मुद्द्यात शून्य मिळाले.

दि. १७ मार्च रोजी सर्व रक्कम विनोद यास रोख दिली. पावती आहे. तिच्यावर कोळंबीचे चित्र आहे, शिक्का नाही. एप्रिल व मेमध्ये ९,००० प्रमाणे मिळाले. ते पाहून गावातील आणखी अकरा घरांनी पैसे घातले. त्यांनी वेगळा कौल लावला नाही, आमचाच धरला.

जूनमध्ये पैसे आले नाहीत व विनोदचा फोन बंद झाला. दि. २२ जून रोजी मी दाभोळच्या खाडीकाठी तलावावर गेलो. तलाव मी त्या दिवशी प्रथमच पाहिला. त्यात म्हैस बसली होती. म्हैसवाला म्हणाला, "कोळंबी होय? ती बाजारात बघा."

बाबल्या गुरव यांना विचारले असता ते म्हणाले, "घालू काय, असा इचारलास. देवान घाल म्हटलान. परत मिळतील काय, ह्या कुणी इचारलान?"

पोलिसांत जावे की नाही, यासाठी गावात पुन्हा कौल लावण्याचे ठरत होते. मी त्यासाठी थांबलो नाही.

फीची मुदत संपली. ज्ञानेश्वरी १ जुलैपासून माझ्याच कारखान्यात पॅकिंगला येते. कंपनीची बस एकच आहे. माझ्या शेजारची जागा रिकामी असली तरी ती पुढे बसते.

विनोदला दिले ३,००,०००. परत आले १८,०००. येणे २,८२,०००. नारळ, दक्षिणा व विनोदने मागाहून मागून घेतलेले पेढ्यांचे पैसे मिळून खर्च ७१३. देणे, ज्ञानेश्वरी हिचे, ८५,०००.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच लिहिले आहे व ते खरे आहे.

सही/-
ओमकार अनिल मांडवकर