लंगडीचं वजन

नाही नाही, ती सुरी आधी पिशवीत ठेवा — टेबलावर नको, त्यावर आम्ही जेवतो — आणि बसा जरा. घाई कसली? अकराच तर आहेत. तुम्ही दुकानात दिवसाला शंभर मुंड्या उडवता म्हणे, मग आमच्या अकराजणींना एका चहापुरता वेळ द्यायला काय झालं? साखर किती? दोन? घ्या हो दादा, तुमचं वय आहे खायचं. तर ऐका, हे यायच्या आत सगळं उरकायचंय. हे म्हणजे आमचे हे. काल डोळ्याचं ऑपरेशन झालं — मोतीबिंदू — आणि आज शेजारचे मास्तर त्यांना पट्टी सोडवायला घेऊन गेलेत. तासाभरात येतील, आणि येतील ते लख्ख बघत येतील. तिथेच तर सगळा घोटाळा आहे. ह्या कोंबड्या त्यांच्या नजरेस पडता कामा नयेत. का म्हणजे? पाहिल्यात ना आत्ता परसात? कोंबड्या आहेत का त्या? पिसं चिकटवलेले भोपळे आहेत! तुकडे करून फ्रीजमध्ये टाकले, की मग कोणाला काय कळतंय कोण केवढी होती ते.

खूळ ह्यांचंच. रिटायर झाल्यावर माणसं काय करतात? देवधर्म करतात, नाहीतर दुखणी काढतात. हे खोक्यातून बारा पिल्लं घेऊन आले. एका दिवसाची, पिवळीधमक. घरच्या घरी वाढवायची, घरचं स्वच्छ मांस खायचं. बरं, त्यांना ऊब लागते, म्हणून न्हाणीघरात बल्ब लावून ठेवली — म्हणजे पंधरा दिवस मी आंघोळ केली ती बाराजणींच्या देखत. लग्नात बोहल्यावरसुद्धा माझ्याकडे एवढं टक लावून कोणी बघितलं नव्हतं. मग जुन्या पलंगाला जाळी ठोकून परसात खुराडं केलं, खाली लाकडाचा भुसा, आणि ह्यांनी नियम काढला — कोणाला नाव ठेवायचं नाही, जीव लावायचा नाही, दोन किलो भरली की कापायची. सहा आठवड्यांत भरते म्हणे. किती झाले? दहा. हळू बोला हो, भिंती पातळ आहेत.

आता तुम्ही म्हणाल, दहा आठवडे ह्यांना कळलं कसं नाही. त्यांना धुकंच दिसायचं हो सगळं, मी आले काय आणि कपाट आलं काय. आणि हात लावत नाहीत, चोचीला घाबरतात. दर रविवारी वजन करायचं, पण सगळ्यांचं नाही, एकीचंच — शितावरून भाताची परीक्षा, असं ह्यांचं म्हणणं. कोंबडी मी पकडून पिशवीत घालायची, हे काट्याला लटकवणार आणि काट्यावर नाक टेकवून आकडा वाचणार. दुसऱ्याने वाचलेला चालत नाही. बायकोने वाचलेला तर नाहीच. मग मी काय करायचं? मी लंगडी द्यायची. ती हो, कोपऱ्यातली, वाकड्या पायाची — बाकीच्या भवान्या तिला खाद्यापाशी फिरकू देत नाहीत. पावणेदोनवर अडलीय. पाच रविवार झाले, दर रविवारी तीच! हे आपले डोकं खाजवतात, खाद्यवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात, आणि म्हणतात, बघू आणखी एक आठवडा.

का केलं म्हणजे? मला आपलं मांस फारसं — नाही, खोटं कशाला बोलू, तंगडीवरून मी सख्ख्या भावाशी भांडलेय. गोष्ट अशी आहे — चहा निवतोय, प्या — ह्यांनी तीस वर्षं बसस्थानकावर भोंग्यातून गाड्या पुकारल्या. अमुक गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे, तमुक गाडी अर्धा तास उशिरा. आणि घरी आले की तोंडाला कुलूप. दिवसाचे शब्द तिकडेच संपलेले. इथे आपलं 'वाढ', 'पुरे', 'दिवा मालव'. मुलीचं लग्न ठरलं तेव्हा म्हणाले, 'बरं.' माझी आई गेल्याचा फोन आला तेव्हाही 'बरं.' मग त्यांचं त्यांनाच कसंतरी वाटलं असावं, दोन दिवस माझ्या मागे-मागे फिरत होते, पण बोलले काही नाहीत. मीही ठरवलं, गेलात उडत. चाळीस वर्षं असा संसार केला, भांडणसुद्धा एकटीनेच करायचं.

आणि ह्या कोंबड्यांशी? ह्या कोंबड्यांशी तासन्‌तास! 'काय बाई, आज जेवण गेलं नाही वाटतं?' मी न्हाणीघरात कपडे धुवायला बसले होते, खिडकी खुराड्यावरच उघडते, आणि हे बाहेर बसून त्यांना सांगतायत, 'आज हिने केस धुतलेत, शिकेकाईचा वास येतोय. उन्हात अशी बसली ना, की अजून —' अजून काय? अजून काय, ते कळलंच नाही! मेली एक कोंबडी मध्येच केकाटली. तिला मी त्याच दिवशी कापली असती. मला चाळीस वर्षांत एकदा — असो. तेव्हापासून आठवड्यातून चारदा केस धुते. सर्दीने नाक चोंदलंय, ऐकताय ना? हसू नका, तुमच्या आईच्या वयाची आहे मी. आणि मग एकदा म्हणाले — मी नळ बंद केला होता, मुद्दामच — म्हणाले, 'हिची आई गेली तेव्हा काय बोलावं ते मला सुचेचना हो. अजून सुचत नाही.' दादा, मी उलट्या बादलीवर बसून रडले. नळ पुन्हा सोडला, आवाज जाऊ नये म्हणून. आता सांगा, अशा कोंबड्या कापायच्या? आणि मग ह्यांनी बोलायचं कोणाशी?

काय? हो, माहीत आहे. तिघी उठतच नाहीत, त्यांच्या तोंडाशी वाटी मीच नेते. परवा एक गेलीच. उभी होती ती आडवी झाली, दोनदा पंख मारले आणि संपलं. स्वतःच्याच वजनाने? असं असतं होय? मी ती लिंबाखाली पुरली आणि ह्यांना सांगितलं, उडून गेली. चार किलोचा ब्रॉयलर उडाला! आणि ह्यांना पटलं! मला म्हणाले, 'बरं,' आणि खुराड्यापाशी जाऊन बाकीच्यांना म्हणाले, 'सुटली बाई तुमच्यातली एक.' तुम्ही मान काय हलवताय? हाल होतायत त्यांचे? लाज वाटायला हवी होती? वा! आता कोंबडीवाल्याने मला दया शिकवायची! — बसा, बसा, रागावू नका. माझी जीभच तशी आहे. खरंय तुमचं. माझ्या दोन कानांसाठी बावीस पाय मोडायला निघाले मी. मला कळत होतं, रोज कळत होतं, आणि तरी रविवार आला की हात त्या लंगडीकडेच जायचा.

थांबा — फाटक वाजलं. आले वाटतं. एवढ्यात? अजून अर्धा तास होता! पिशवी खाली घ्या, टेबलाखाली. घरात नाही आले — सरळ परसात गेले. आता बघतील. बघितलंच असणार. काय म्हणतायत ऐकू द्या — काहीच नाही. एवढ्या कोंबड्या समोर आणि एक शब्द नाही. काटा काढलाय वाटतं, साखळी वाजतेय. दादा, बघा, मी दाराआड लपतेय, ह्या वयात, नवऱ्याला घाबरून —

ऐकलंत? ते माझं नाव आहे. तुम्हाला कुठून माहीत असणार, ह्या घरात ते कोणी घेत नाही. आले हो! आलेच! — उठा, चहा राहू द्या. उद्या सकाळी या, ते घरात असतानाच या, सुरीला चांगली धार लावून. सगळ्या कापा, मी पकडून देते. आज मात्र मला त्यांच्याशी बोलायचंय. जा म्हणतेय ना, बघताय काय असे? आणि जाताना ते पुढचं दार ओढून घ्या.