दळवी बाईंनी मला नापास केलं, म्हणून मी आज उभी आहे

दळवी काका, संघटनेचे पदाधिकारी, आणि बाईंच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्या मुलींनो, बायांनो,

मैदानावर शिट्टी मारायला सांगा, मारते. माइकसमोर बोलायची मला सवय नाही. त्यातून समोर बाईंचा फोटो. काल मी चार ओळी लिहिल्या होत्या, पण आज इथे काकांचा चेहरा बघितला आणि कागद पर्समध्येच ठेवला. तेव्हा जमेल तसं बोलते. चुकलं तर सांभाळून घ्या.

मी हेमांगी. खारदांड्याची. आमची मासळी विकायची पाटी आहे. आई आणि मी मार्केटला बसतो. संध्याकाळी मी आमच्या वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवायचे. फुकट. एका शाळेनं विचारलं, आमच्या मुलींना शिकवशील का, पगार देऊ. मी हो म्हटलं. मग ते म्हणाले, प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र आणा.

तेव्हा तो कोर्स कसा होता, इथल्या बऱ्याच जणांना आठवत असेल. मुंबईबाहेर, दहा दिवस राहून. फी वेगळी, राहण्या-जेवणाचे पैसे वेगळे. मी कांदिवलीला संघटनेच्या ऑफिसात येऊन नाव नोंदवलं. घरी जाऊन विचार केला आणि चार दिवसांनी फोन करून नाव काढून घेतलं.

माझ्यासारख्या किती जणींनी नाव काढलं असेल? कुणी विचारलं होतं का त्यांना, का गं काढलंस? बाईंनी विचारलं. फोनवर नाही. चारकोपवरून खारदांड्याला आल्या, शोधत शोधत मार्केटमध्ये, ऑफिसची बॅग खांद्याला. बाई बँकेत नोकरी करायच्या आणि संध्याकाळी मैदानावर असायच्या, हे तुम्हाला माहीतच आहे. एक क्रेट उलटा घातला आणि बसल्या माझ्या बाजूला.

मी सांगितलं, आई आजारी आहे. आई माझ्या शेजारीच बसून पापलेट कापत होती. धडधाकट. तिनं माझ्याकडे बघितलं, बाईंनी तिच्याकडे बघितलं. मग मलाच लाज वाटली आणि मी खरं सांगून टाकलं. फी एक वेळ भरीन, पण दहा दिवस पाटी बंद ठेवली तर घर कशावर चालणार? हे फीच्या कागदावर कुठे लिहिलेलं असतं?

बाई म्हणाल्या, रविवारी रविवारी ठेवला कोर्स तर? मला हसू आलं. बाई, रविवार म्हणजे आमच्या धंद्याचा दिवस. सगळी मुंबई मासे खाते. त्यांनी लगेच विचारलं, मग किती वाजता मोकळी होतेस? मी म्हटलं, तीनपर्यंत सगळं धुऊन होतं. त्यांनी तिथेच डायरीत लिहिलं, रविवार, साडेतीन.

मित्रांनो, एवढंच होतं त्यांचं. आधी विचारायच्या, मग ठरवायच्या. आपल्याकडे उलटं चालतं.

संघटनेत हा विषय काढल्यावर बाईंना बरंच ऐकावं लागलं. स्वस्त केलं की किंमत राहत नाही, असं म्हणणारे होते. कुणी म्हणालं, गरिबांना फुकट द्या, बाकीच्यांना आहे तसंच राहू दे. बाईंना तेही मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, फुकट दिलं की मुलगी मान खाली घालून वर्गात बसते. परवडेल एवढी फी ठेवा, हप्त्यानं घ्या, ती ताठ बसेल.

आणि मग त्या कामाला लागल्या. चारकोपच्या एका शाळेनं रविवारी दुपारी मैदान आणि एक वर्ग दिला. बदल्यात आम्ही शिकाऊ लोकांनी त्यांच्याच मुलांचा सराव घ्यायचा. आमचाही सराव, त्यांचीही सोय. शिकवायला उपनगरातलेच जुने खेळाडू आणले, त्यामुळे राहण्याचा खर्च गेला. जाडजूड इंग्रजी पुस्तकाच्या जागी बाईंनी स्वतः साध्या मराठीत टिपणं लिहिली. अशी उतरली फी. जादू नव्हती. तंगडतोड होती.

पहिल्या तुकडीत मी होते. दोन मुलांची आई होती, रिक्षावाल्याची बायको होती, कॉलेजातल्या मुली होत्या. कोर्स झकास झाला. आणि शेवटच्या परीक्षेत बाईंनी मला नापास केलं.

हे मी आजवर फार कुणाला सांगितलेलं नाही. प्रात्यक्षिक होतं. लहान मुलींचा सराव घ्यायचा होता. चढाई करताना एका मुलीचा पाय मुरगळला. ती बाजूला बसली. परीक्षक बघतायत म्हणून मी तिला म्हटलं, काही होत नाही, ऊठ, चल. ती उठली बिचारी, लंगडत खेळली.

निकाल लागला. मी बाईंवर चिडले. वाटेल ते बोलले. तुम्हीच मला पाटीवरून उठवून आणलंत आणि तुम्हीच पाडलंत. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एकच गोष्ट म्हणाल्या.

"हेमांगी, फी तुला परवडली पाहिजे म्हणून मी भांडले. पण कच्चा प्रशिक्षक त्या मुलींना परवडत नाही."

मी रडत घरी गेले. दोन रविवार आलेच नाही. तिसऱ्या रविवारी आले. बाईंनी दुखापतीची टिपणं हातात दिली आणि म्हणाल्या, पहिल्यापासून वाच. परत परीक्षा द्यायला परत पूर्ण फी नको, हेही त्यांनी आधीच भांडून ठरवून ठेवलं होतं. दुसऱ्या खेपेला मी पास झाले. ज्या शाळेनं प्रमाणपत्र मागितलं होतं, त्याच शाळेत आज मी पगारी प्रशिक्षक आहे. माझ्या मैदानावर कुणाचा पाय दुखला, तर खेळ आधी थांबतो.

गेल्या मंगळवारी सकाळी बाईंनी चहा ठेवला, खुर्चीत बसल्या, आणि काका दूध घेऊन येईपर्यंत सगळं संपलं होतं. आपल्यापैकी कुणालाच निरोप घेता आला नाही.

आता एक बोलते. आजचा दिवस त्यासाठी नाही, असं कुणाला वाटेल. मला वाटतं, आजचाच आहे. परवा माझ्या कानावर आलं, बाई नाहीत तर हे सगळं बघणार कोण, यंदा कोर्स पहिल्यासारखा बाहेर घेऊ, दहा दिवसांचा. अध्यक्षसाहेब, तुम्ही वाईट हेतूनं म्हणाला नाहीत, मला माहीत आहे. प्रश्न बरोबर आहे. बघणार कोण?

आम्ही बघणार. पहिल्या तुकडीतल्या आम्ही सातजणी परवा दळवी काकांच्या घरी बसलो. कामं वाटून घेतली. शाळेत जाऊन आलो, मैदान मिळतंय. काकांनी टिपणांच्या मूळ प्रती काढून दिल्या आणि छपाईपूर्वी तपासायचं काम स्वतःकडे घेतलं. हे सगळं लिहून, सह्या करून आणलंय. सभा संपली की तुमच्या हातात देते. परवानगी तुम्ही द्यायची आहे. मेहनत आमची.

काल एका बाईचा फोन आला. चारकोपच्या कारखान्यात पॅकिंगला आहे. तिनं यंदाच्या कोर्सला नाव दिलंय. घाबरत विचारत होती, ताई, बाई गेल्या म्हणतात, मग कोर्स होणार ना? मी कुणालाही न विचारता तिला सांगितलं, होणार. बाईंचं तेरावं झालं की येणाऱ्या पहिल्या रविवारी, साडेतीनला, कपडे बदलून मैदानात ये.

ती आज इथे मागे बसली आहे. तिला दिलेला शब्द आता आपल्या सगळ्यांचा आहे.

बाई, तुम्हाला नमस्कार करते. बाकीच्यांना विनंती, जिथे आहात तिथे उभे राहा. डोळे मिटले नाहीत तरी चालेल. दोन मिनिटं कुणी काही बोलू नका, फक्त बाईंकडे बघा.