सूचकाची सही

दातांच्या दवाखान्यात सुजलेला गाल धरून आजी नंबर यायची वाट बघत होत्या. शेजारी विद्यापीठात तासावर शिकवणारे दोघं बोलत बसले होते. दुखत होता तो दात. आजींचे कान ठणठणीत होते.

"मॅडम, संघटनेच्या अध्यक्षपदाला तुम्हीच उभ्या राहा. आम्ही सगळे पाठीशी आहोत."

"सर, मागच्या अध्यक्षांना पुढच्या सत्रात एकही तास मिळाला नाही. तास गेले, सभासदत्व गेलं, अध्यक्षपदही गेलं."

"तुमच्या बाबतीत नाही हो व्हायचं तसं."

"झालंच, तर माझे तास कोणाला जातील?"

"जातील कोणाला तरी."

"कोणाला?"

"विभागप्रमुखांनी मला सहज विचारून ठेवलंय."

"मग काय म्हणालात?"

"बघू म्हटलं. तोंडावर नाही कसं म्हणणार? मलाही घर आहे."

"बरोबर आहे तुमचं. राहते मी उभी."

"खरंच?"

"हो. फक्त अर्जावर सूचक म्हणून सही तुमची. आत्ता, इथेच."

सरांनी एकेक खिसा चाचपला.

"नेमकं आजच पेन नाही बघा."

आजींनी गाल सोडला, पिशवीत हात घातला आणि पेन सरांपुढे धरलं.