एका पट्ट्यात दोघं

—न्हाई मॅडम, ते पत्र तुमी परत पिशवीत ठेवा. बसा, पानी घ्या, पन पत्र ठेवा. वाचलं की मी. 'रस्ता सुरक्षा अभियान, प्रमुख पाहुणे श्री. गहिनीनाथ कुऱ्हे, सेवानिवृत्त एसटी चालक, बत्तीस वर्षे विनाअपघात सेवा' — लई छान छापलंय, पन मी येनार न्हाई. हेडमास्तरांना सांगा, ड्रायव्हरचा घसा बसलाय. बसतो की म्हाताऱ्या मानसाचा घसा, त्यात काय? तुमी बेलापुरात नव्या दिसता. कुठल्या? भंडारदऱ्याच्या? अरं वा. दोन वर्षं मुक्कामी गाडी नेलीय मी तिकडं, श्रीरामपूर डेपोची. धुक्यात पुढचं चाक दिसायचं न्हाई, कंडक्टर दारात उभा राहून हात बाहेर काढून सांगायचा, डावी दाबा, डावी दाबा — तरी कधी एक कोंबडी मारली न्हाई. बिल्ला मिळाला, साहेबांनी स्वतःच्या हातानं लावला छातीवर. ते समदं खरं हाय. पन तुमी मला पोरांसमोर उभं करनार आन् मी म्हननार, पोरांनो, गाडीत बसलं की पट्टा लावा, धाकट्या भावंडाला पुढं बसवू नका, त्याला त्याच्या खुर्चीत बसवा — न्हाई हो. न्हाई जमायचं.

तुमाला हेडमास्तरांनी सांगितलं असंल ना? सांगितलं. मला वाटलंच. म्हनले असतील, आबांची नात गाडीच्या अपघातात गेली, त्यांनी बोललं तर पोरांच्या मनात बसंल. बरोबर? मानूस चांगला हाय तो, वाईट हेतूनं न्हाई म्हनला. — हळू बोलू या जरा. माझी बायको बनुबाई आत हाय. तिचे गुडघे गेलेत, कान न्हाई गेले.

दिशा नाव पोरीचं. तीन वर्षांची. सुनीलची — माझा एकच मुलगा सुनील, कारखान्यात फिटर हाय. आन् सून पंकजा, सोनईची, नर्स. नगरच्या मोठ्या दवाखान्यात अपघाताच्या वॉर्डात काम केलेलं तिनं लग्नाआधी, म्हनून तिला हे समदं ठावं. पोरगी झाली तशी तिनं पहिल्यांदा काय आनलं असंल? पाळना? न्हाई. ती गाडीतली खुर्ची आनली. लहान पोरांची सीट असती ना, मागच्या बाकाला बांधायची — ती. मी हसलो. खरंच हसलो मॅडम, तोंडावर. म्हनलं, सूनबाई, आमी काय पोरं वाढवली न्हाईत का? सुनीलला तर मी इंजिनच्या बॉनेटवर बसवून नगर दाखवलं. ती काय चिडली न्हाई. कधीच चिडायची न्हाई माझ्यावर. म्हनली, "आबा, तुम्ही गाडी कितीही नीट चालवा, समोरचा कसा चालवतो ते तुमच्या हातात आहे का?" मग मला हाताला धरून दाखवलं, पट्टा कसा ओवायचा, किती आवळायचा — पोरीच्या छातीवर दोन बोटंच आत जावीत एवढा. पोरगी वर्षाची हुती तवा खुर्ची उलटी, मागं तोंड करून, मग पुढं मोठी झाल्यावर सरळ. पुढच्या सीटवर कधीच न्हाई, म्हनली, पुढं आदळल्यावर तो एअरबॅगचा फुगा फुटतो, तो मोठ्या मानसासाठी असतो. आन् मांडीवर तर अजिबात न्हाई. "आबा, गाडी आपटली की पोर हातात राहत नाही. कुणाच्याच हातात राहत नाही." मी म्हनलं, माझे हात एसटीचं स्टेअरिंग धरलेले हायेत, पोरी. ती नुसती हसली.

मला पट्ट्याचा राग हुता, खरं सांगतो. आमच्या वेळच्या गाड्यांना कुठला पट्टा? पट्टा म्हनजे पोलिसासाठी. राहुरीच्या नाक्यावर लावायचा, नाका गेला की सोडायचा. पट्टा न्हाई लावला की गाडी टूं टूं वाजायची, तर मी बाजारातनं पट्ट्याची नुसती लोखंडी जीभ आनून खाचेत घालून ठेवल्ती — आवाज बंद. पंकजानं ती काढून फेकली. मी दुसरी आनली. असा मी.

मग त्या दिवशी — गेल्याच्या गेल्या वर्षी, साखर कारखान्याचा हंगाम नुकताच सुरू झाल्ता, उसाची वाहतूक चालू — पंकजाच्या भावाचा साखरपुडा हुता सोनईला. ती आदल्या दिवशी ड्युटीवरनंच परस्पर गेल्ती, कामाला हात लावायला. पोरगी हितं आमच्याजवळ. सकाळी नऊला निघालो, सुनील, मी आन् दिशा. बनुबाई गुडघ्यामुळं राह्यली. निघताना पंकजाचा फोन. सुनीलनं कबूल केलं, व्हय, खुर्चीतच बसवतो, व्हय, मागं. बसवली. नवा फ्रॉक, हातात पानी प्यायची ती नळीची बाटली. राहुरीपर्यंत बरी हुती. राहुरी सोडली आन् सुरू. आबा, आबा, मांडीवर. रडनं म्हनजे कसं — नाक लाल, हुंदक्यावर हुंदका, हात पुढं केलेले. सुनील म्हनला, रडू द्या, झोपंल दहा मिनटात. उंबरे गेलं. तरी रडतीय. मग ब्राह्मनीच्या अलीकडं सुनीलनं गाडी बाजूला घेतली आन् — आन् तिला काढून पुढं माझ्या मांडीवर दिली. गावात समद्यांना हेच ठावं हाय. पोलिसांच्या कागदात बी हेच. बापाला पोरीचं रडनं बघवलं न्हाई. मानूसच हाय. पंकजानं एवढं बजावलेलं, पन बापाचं मन. त्या खुर्चीला मधी लाल बटन असतंय मॅडम, लहान पोराला दाबता येऊ नये म्हनून लई कडक केलेलं. दबता दबंना. एका अंगठ्यानं न्हाई झालं, मग दोन्ही अंगठे लावले, नख पांढरं झालं, तवा कुठं कट्‌कन सुटलं —

काय झालं? अशा काय बघताय?

मी काय म्हनलो? अंगठे लावले म्हनलो? माझे न्हाई, सुनील—

जाऊ द्या. जाऊ द्या आता. तुमी लांबच्या हाय. बदली झाली की जाल. मी काढलं तिला. सुनील स्टेअरिंगवरनं उतरला बी न्हाई. "आबा, नका काढू, पंकजाला शब्द दिलाय मी" — असं म्हनला. दोनदा म्हनला. मी म्हनलो, तुझी पंकजा सोनईत हाय, तिला हितलं रडनं ऐकू येतंय का? बत्तीस वर्षं गाडी चालवली, एका प्रवाशाला खरचटलं न्हाई, आन् तू मला शिकवतो? बापाला? गाडी थांबव म्हनतो तर थांबव. थांबवली त्यानं. त्यानं कधीच माझ्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं न्हाई, तेच चुकलं. मी मागचं दार उघडलं, बटन दाबलं, पोरगी छातीशी धरली, पुढं येऊन बसलो. आन् मला वाटलं, चला, सूनबाईचं बी मन राखू, म्हनून पट्टा ओढला आन् दोघांवरनं घेतला. एका पट्ट्यात दोघं. तिच्या पोटावरनं माझ्या कमरेला. लई शहानपना केला असं वाटलं मला. लगेच गप झाली पोरगी. लगेच. माझ्या मनगटावरच्या घड्याळाशी खेळाया लागली. मी सुनीलला म्हनलं बी — बघ. बघितलं का?

पाच मिनटं. पाच बी नसतील.

उसाची ट्रॉली शेताच्या वाटेनं रस्त्यावर चढली. पन्नासच्या वर नव्हती आमची गाडी, शपथेवर सांगतो, पन्नास. सुनीलनं ब्रेक दाबला, पूर्ण दाबला, मी असतो तरी तेवढाच दाबला असता. जाऊन आदळलो मागनं. लई मोठा बी आवाज न्हाई झाला. तो पांढरा फुगा फुटला, धूर धूर झाला आन् मग शांत. मला काय झालं? काय न्हाई. हितं खांद्याला वळ. सुनीलच्या नाकातनं रक्त. पोरीला कुठं खरचटलं बी नव्हतं मॅडम, काच लागली न्हाई, लोखंड लागलं न्हाई. फ्रॉक तसाच नवा. नुसती पांढरी पडत चाललेली. आन् मी मागं वळून बघितलं — ती खुर्ची जशीच्या तशी. तिच्यात ठेवलेली पान्याची बाटली बी खाली पडली न्हवती.

नगरला डॉक्टरनं मला समजावून सांगितलं. तरुन हुता, तुमच्याएवढा. म्हनला, आजोबा, पट्ट्यानं तुम्हाला धरलं, पन तुम्ही आणि पट्टा यांच्यामध्ये ती होती. तुमचं वजन किती? ब्याऐंशी, म्हनलं. आदळताना ते ब्याऐंशी किती पटीचं होतं हे त्यानं सांगितलं न्हाई, मी नंतर दुसऱ्याला विचारलं. म्हनजे ट्रॉलीनं न्हाई. गाडीनं न्हाई. मी. माझ्या ह्या अंगानं. तुमी म्हनाल, आबा, तुमाला काय ठावं हुतं? ठावं हुतं हो! हाताला धरून शिकवलेलं मला. दोन बोटं आत जातील एवढा — समदं पाठ हुतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेली ती.

पन त्याच्या आधी, आदल्याच दुपारी, पंकजा आली दवाखान्यात. साखरपुड्याची साडी तशीच अंगावर. तिनं चादर उचलली, पोटावरचा पट्ट्याचा निळा वळ बघितला — नर्स हाय ती, तिला एका नजरेत कळलं. रडली न्हाई. आमा दोघांकडं वळली आन् विचारलं, "कोणी काढलं हिला खुर्चीतून?" एवढंच. मी तोंड उघडलं. देवाशप्पथ, उघडलं हुतं. तेवढ्यात सुनील म्हनला, "मी. मी काढली. आबा नको म्हणत होते."

का म्हनला तो असं? मला वाटतं, त्यानं माझं तोंड बघितलं असंल. त्याला वाटलं असंल, म्हातारा हितंच मरंल. आन् मी — मी ते उघडलेलं तोंड मिटलं. एवढंच केलं मी. मिटलं. एकदा मिटलं तसं मग उघडायला रोज एक दिवस जास्त जड जातंय. चौदा महिने झाले.

पंकजा तेराव्याला सोनईला गेली ती आली न्हाई. सुनीलशी एक शब्द बोलत न्हाई. सुनील गाडीला हात लावत न्हाई, कारखान्यात एसटीनं जातो, एसटीनं येतो, आला की त्या खाटेवर भिंतीकडं तोंड. मला कधी एका शब्दानं म्हनला न्हाई — आबा, तुमी. एकदा तरी म्हनावं, शिवी द्यावी, ताट फेकून मारावं. न्हाई. मला जेवला का विचारतो.

मी गेल्तो की सोनईला. गेल्या उन्हाळ्यात. सांगूनच येतो म्हनलं, काय व्हायचं ते होऊ दे. पंकजानं अंगनात खुर्ची टाकली, पाया पडली, चहा केला, बिनसाखरेचा — माझी शुगर तिच्या ध्यानात. मी म्हनलं, पंकजा, मला एक बोलायचंय. ती माझ्या पायाशी बसली आन् म्हनली, "आबा, मला माहीतय. तुम्ही त्यांना नको म्हणाला होता. त्या घरात माझं ऐकणारे तुम्ही एकटेच होता." असं म्हनली ती. मला. बटनावर दोन्ही अंगठे लावनाऱ्याला. मॅडम, ते ऐकून मला बरं वाटलं. हे मी कुनालाच सांगितलं न्हाई. एवढं समदं झाल्यावर बी, ती मला चांगलं म्हनली तर मला बरं वाटलं. चहा प्यालो, तब्येतीला जप म्हनलो आन् साडेचारची गाडी धरून परत आलो.

आता मंगळवारी तारीख हाय, श्रीरामपूरच्या कोर्टात. सोडचिठ्ठीची. दोघांनी सह्या केल्यात. शेवटची तारीख, वकील म्हनला. मी त्या दिवशी उभा राहिलो, बोललो, तर? तर काय हुईल? पोरगी येनार हाय का? सुनीलला ती परत घेईल का? कदाचित घेईल. न्हाईच असं न्हाई. म्हनूनच तर झोप न्हाई. बनुबाईला कळंल. आज सकाळी तिनं माझ्या पाठीला तेल लावलं. उद्या तिचा हात माझ्या अंगाला लागनार न्हाई. आन् ती दोघं, पंकजा आन् सुनील, माझ्याकडं एका नजरेनं बघतील. त्या नजरेला मी भितो. सत्तरीचा मानूस, धुक्यात घाट उतरलेला, आन् एका नजरेला भितो. मंगळवार येईल आन् मी हितंच बसलेलो असंन. मला ठावं हाय मी कसा हाय ते. तुमी मान हलवू नका, मला धीर बी देऊ नका. तुमी पोरांना सांगा, तुमच्या तोंडून शोभंल. म्हनावं, पोर रडलं तर रडू द्यावं. रडनारं पोर घरी येतं. एवढंच सांगा, माझं नाव न घेता. आन् हे बाकीचं तुमी ऐकलंच न्हाई. हेडमास्तरांना न्हाई, कुनालाच न्हाई. गळ्याची शपथ घ्या—

गप. फाटक वाजलं. सुनील हाय.

— ये रे, लवकर सुटला आज? काय न्हाई, ह्या मॅडम शाळेत नव्यानं आल्यात, पोस्टाचा रस्ता विचारत हुत्या. उन्हाचं म्हनून पानी दिलं. — तर मॅडम, सरळ जायचं, पाराजवळनं डावीकडं. कोनालाबी विचारा, सांगंल. निघा तुमी. निघा, बंद होईल ते.