पाटी वर धर, रुखमा

— नाई नाई भाऊ, भिंतीवरच्या फोटोतला तो बल्ब नोय, अन् भाकरही नोय. चंद्र हाये तो. याच अंगणातून काढला, आपल्या सावली गावच्या आभाळातला. बसा न, उभे काऊन? तुमची चंद्रपूरची गाडी साडेपाचले, आता कुठी तीन वाजले. फोटो देतो न मी तुमाले. माह्या पोरीनं, सत्यशीलेनं धाडलं म्हनता, म्हंजे द्याच लागन. पुढच्या रविवारी वरीस होते रुखमाले जाऊन, विहारात कार्यक्रम हाये, भंतेजी येनार हायेत, अन् तुमी तिच्या फोटोवरून हे एवढं मोठं चित्र बनवून देनार — समजलं मले. पोरगी स्वतः नाई आली, पेंटरले धाडलं, तेही समजलं. चहा सांगू? नाई? बरं. मी पेतो.

ते कोपऱ्यातली दुर्बीण कोनाची इचारता? हायस्कूलची. तिची तिपाई मोडली म्हून अलमारीत पडून होती. वामनराव गुरुजी म्हने, श्रावण, तू फोटोवाला हायेस, तूच काई कर हिचं. केलं. कॅमेऱ्याचं भिंग काढलं, टॉर्चीच्या कड्यानं कॅमेरा दुर्बिणीच्या बुडाले बसवला, अन् पैल्यांदा डोळा लावला तं — बापा बापा! चंद्र थांबतच नाई न. इकडून धरला का तिकडून निंगून जाते. अन् पुनवेचा चंद्र कामाचा नाई बरं, लोकाले वाटते पुनव पाह्यजे. पुनवेले तो सपाट दिसते. अष्टमीचा पाह्यजे. ऊन आडवं पडते, खड्ड्याखड्ड्यात सावली भरते. तो खालचा मोठा खड्डा दिसून राह्यला? त्याची एक कड उजेडात हाये, एक सावलीत — दुर्बिणीत सगळं उलटं दिसते, वरचं खाली, डावं उजवं, पन मले तुमी कसाही दाखवा, मी बोट ठेवून सांगतो कोनता खड्डा कुठी. आठ वर्षं पाह्यलं त्याचं तोंड. गंमत नाई.

पन फोटो हालत होता. बटन दाबलं का कॅमेरा हादरे, चंद्र पुसल्यावानी येई. मंग युक्ती काढली. सत्यशीलेची शाळेतली दगडी पाटी होती, ते दुर्बिणीच्या तोंडापुढं धराची. कॅमेरा आंगोदर उघडून ठेवाचा, त्याचा हादरा जिरू द्याचा, अन् मंग पाटी अशी बाजूले — लगेच झाकली. तेवढाच उजेड आत गेला पाह्यजे. कोन धरे? रुखमा, अजून कोन! दिवसभर धानाच्या रोवन्याले-कापनीले वाकून येई, चूल पेटवे, अन् मंग पाटी. मी म्हनो 'काढ', ती काढे. 'झाक', ती झाके. हात असा बसला होता तिचा का घड्याळानं झक मारावी. चंद्रपूरच्या प्रदर्शनात पैला नंबर आला याले, पाहा, प्रमाणपत्रावर नाव — श्रावण. एकट्याचंच हाये. रुखमाले वाचून दाखवाले — नाई, तवा ती नव्हती.

थांबा, सांगतो न, फोटोचंच सांगून राह्यलो. रंगीत रोल नागपूरले धुवाले धाडाव लागे, कंडक्टरच्या हातानं. पैला रोल आला तं काय! सगळी रातच त्याच्यात, कोनती फ्रेम कुठी सरली हे लॅबवाल्याले काई समजलं नाई, त्यानं कैची चालवली ते चंद्राच्या मधातून. अर्धा इकडं, अर्धा तिकडं. त्याची तरी काय चूक? म्हून ठरवलं, दर रोलचा पैला फोटो दिवस बुडाच्या आत मानसाचा घ्याचा. म्हंजे त्याले माप भेटते. अन् मानूस कोन? रुखमाच. हातात तीच पाटी, पाटीवर तारीख, तिथी, किती उजेड देनार ते. मलेही मंग आठवन राहे.

हे घ्या पाकीट. एकतीस रोल. उजेडाकडं धरा. हात दिसला न? पाटी दिसली? पाय दिसले, चिखलानं फुटलेले? — तोंड. हाव. तोंडापुढं पाटी हाये. सगळ्याइत. मीच म्हनो न, पाटी वर धर रुखमा, अक्षरं कटते. अजून वर. अजून.

दुसरा नाई भाऊ. लग्नात कुठचा फोटो, मी तवा पानठेल्यावर होतो. मंग फोटोवाला झालो, सबन तालुक्याचे चेहरे काढले — नवरदेव काढले, नवऱ्या काढल्या, मेलेल्या म्हाताऱ्या खुर्चीत बसवून काढल्या. ती म्हने, 'माहा एकटीचा एक काढा न जी.' मी म्हनो, 'तू कुठी पळून चालली? काढू उद्या.' सत्यशीलेले सांगू नका बापा. तिले वाटते फोटोवाल्याच्या घरी मायचा फोटो असनच. फोटो भेटला तं रविवारी घरी येतो, असा निरोप हाये तिचा. वर्षभर उंबऱ्यावर पाय नाई ठेवला पोरीनं. तुमी म्हना, भेटला.

एक होता. खरं सांगतो, एक होता. मागच्या कार्तिकातली अष्टमी. मी बटन दाबलं अन् तिनं पाटी खाली केली. पोटाशी. 'हात नाई उचलून राह्यला जी आज,' म्हने. पुरं तोंड आलं त्यात. मी खेकसलो — फ्रेम बाद केली न! आंग तपत होतं तिचं. मले माहीत होतं. म्हंजे — माहीत असं नाई, पाटी घेताना हाताले गरम लागलं. हिवताप इथी कोनाले नाई येत भाऊ? आभाळ लय साफ होतं. म्हटलं एवढा रोल होऊ दे, मंग गोळी आनतो. चौतीस फोटो हालले त्या दिवशी, तिचा हातच ठिकानावर नव्हता. एक साधला. तोच हा भिंतीवरचा.

रोल पाचव्या दिवशी आला. ती आत खाटेवर, मी इथी बसून हेच पाह्यत होतो. पैल्या फ्रेमीत अक्षरं दिसत नव्हती, बेकार म्हून या कैचीनं कापली अन् टाकून देल्ली. आठव्या दिवशी गेली ती. पोरगी चंद्रपूरच्या दवाखान्यात नर्स, दुनियेचा ताप मोजते, अन् तिले मी तार केली शेवटच्या दिवशी. आली तं एवढंच म्हनली, 'बाबा, तुमाले ताप नाई दिसला?'

काय म्हनता? मी सांगू, अन् तुमी काढान? तसं होते? फोटोबिगर? मंग काढा न भाऊ! घ्या, याच पाकिटाच्या पाठीवर काढा. रंग सावळा. कपाळ — मोठं. म्हंजे लय मोठं नाई. नाक... साधंच होतं नाक, जसं असते तसं. गालावर गोंदन होतं, एक ठिपका. लिवा, डाव्या गालावर. नाई — थांबा. उजव्या. मी असा समोर उभा, ती तिकडं, पाटी खाली — मंग माह्या डाव्या आंगाले, म्हंजे तिच्या... थांबा न जरा. चाळीस वर्षं — नाई, सव्वीस, सव्वीस वर्षं होती घरात. डाव्या. डाव्याच...

ठेवा ते पेन्सिल खाली. ठेवा म्हनतो न.

सत्यशीलेले सांगा, बाबाजवळ फोटो नाई. सांगून द्या सगळं. अन् तिलेच इचारा कोनता गाल, तिले माहीत असन. निंगा भाऊ तुमी, दुकान बंद करतो मी. गाडी? गाडीची स्टँडावर वाट पाहा.